कागदावर ४४० किमी रेंज, हायवेला नक्की किती धरायची?

वाटसरू:
नमस्कार मंडळी, इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं घरात जवळपास ठरलंय पण रेंजच्या आकड्यावर घोडं अडलंय. जी गाडी आवडलीये तिची बॅटरी प्रत्यक्ष वापरता येईल अशी ६० युनिटची आहे आणि डब्ल्यूएलटीपी (युरोपातली सरकारमान्य टेस्ट) रेंज लिहिलीये ४४० किमी. तीच गाडी, तीच बॅटरी, पण दुसऱ्या देशाच्या साइटवर ३८० दिसते आणि तिसरीकडे ५३० च्या वर. एक मित्र म्हणतो छापलेल्या आकड्यातून सरळ ३० टक्के वजा कर, दुसरा म्हणतो त्याला शहरात छापल्यापेक्षा जास्त मिळते. दोघंही उगाच थापा मारणारे नाहीत.

आमचा रोजचा वापर ३०-४० किमी, त्याची काळजी नाही. पण महिन्यातून एकदा तरी आईबाबांकडे जातो, एका बाजूला ३०० किमी, जवळजवळ सगळा हायवे, ताशी १००-११०, चार माणसं, सामान, एसी चालू. बाबांची तब्येत अशी आहे की कधी रात्री अचानक निघावं लागेल, त्यामुळे वाटेत अडकून पडणं चालणारच नाही. म्हणून विचारतोय, कुठला आकडा खरा मानायचा आणि माझ्या वापराला किती किमी धरायचे?

चक्रधर:
दोन्ही मित्र बरोबर आहेत. एक शहरातलं सांगतोय, दुसरा हायवेचं. पेट्रोल-डिझेलच्या सवयीने आपल्याला वाटतं हायवेला ॲव्हरेज वाढतं, इलेक्ट्रिकला बरोब्बर उलटं असतं. शहरात वेग कमी म्हणून हवेचा विरोध अगदी थोडा, ब्रेक मारला की रीजनने, म्हणजे मोटर जनरेटरसारखी चालून, अर्ध्याहून जास्त ऊर्जा परत बॅटरीत, सिग्नलला मोटर थांबलेली. हायवेला रीजनला फारसं काम नसतं आणि हवा सतत अडवत राहते. मी तर प्लॅन करताना शहरातली रेंज आणि हायवेची रेंज असे दोन वेगळे आकडेच डोक्यात ठेवतो, एकच आकडा धरून चाललो तर काहीच जुळत नाही.

ओहम:
वाटसरू, तीन साइटवर तीन आकडे दिसले कारण तीन वेगळ्या परीक्षा आहेत. गाडी लॅबमध्ये रोलरवर ठेवतात आणि कुठल्या सेकंदाला किती वेग हे आधीच ठरलेलं असतं, त्याप्रमाणे चालवतात. ते वेळापत्रक, म्हणजे टेस्टची सायकल, प्रत्येक ठिकाणी वेगळं.

जुनी युरोपियन टेस्ट एनईडीसी ही फारच उदार. तिच्यात शेवटचा बदल १९९७ सालचा, ११८० सेकंदात साधारण ११ किमी, सरासरी वेग ताशी ३४ सुद्धा नाही, आणि वेग वाढवायचा तो इतका सावकाश की तसं रस्त्यावर कोणी चालवत नाही. तिच्या जागी युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना डब्ल्यूएलटीपी आली आणि वर्षभराने सगळ्या नव्या गाड्यांना. ती ३० मिनिटांची आणि सव्वातेवीस किमीची असते, कमाल वेग ताशी १३१. हा १३१ ऐकून वाटतं की चला हायवेचा प्रश्न मिटला, पण सरासरी बघा, ताशी ४६.५. एकशे तीसच्या आसपास गाडी थोडाच वेळ असते आणि मग परत खाली येते. वर लॅबचं तापमान २३ अंश आणि एसी, हीटर दोन्ही बंद. म्हणजे तुम्ही जे करणार आहात, तीन तास सलग १०० च्या वर एसी लावून, ते या परीक्षेत कुठेच नाही.

चीनची सीएलटीसी अजून हळू आहे, सरासरी ताशी २९ आणि कमाल ११४, त्यामुळे तुम्हाला ५३० दिसली ती बहुतेक हीच. भारतातली मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल एनईडीसीवरूनच बेतलेली, तिच्यात कमाल वेग ताशी ९०. अमेरिकेच्या ईपीएच्या (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या) मूळ सायकलीही काही कडक नाहीत, हायवेवाल्या सायकलीचा कमाल वेग ९६ आणि सरासरी ७८ च्या आसपास, पण तिथे लॅबमध्ये जेवढे किमी आले त्याला ०.७ ने गुणतात, म्हणजे ३० टक्के कापूनच आकडा छापतात. कंपनीने जास्तीच्या टेस्ट केल्या, ज्यात जोरात चालवणं, ३५ अंशात एसी, उणे ७ ची थंडी हे सगळं येतं, तर ०.७ ऐवजी त्या गाडीचा स्वतःचा गुणक लावता येतो. म्हणून मिश्र वापराला ईपीएचा आकडा बऱ्यापैकी जवळ जातो.

फरक किती पडतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ४० युनिट बॅटरीची निसान लीफ, २०१७-१८ च्या सुमाराला आलेली. जपानच्या तेव्हाच्या जेसी०८ टेस्टला ४०० किमी, एनईडीसीला ३७८, डब्ल्यूएलटीपीला २७० आणि ईपीएला १५१ मैल म्हणजे २४३ किमी. गाडीत नटबोल्टचाही फरक नाही आणि आकडा ४०० पासून २४३ पर्यंत. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना एवढं आधी तपासा, एकीचा सीएलटीसी आणि दुसरीचा ईपीए समोरासमोर ठेवला तर चांगली गाडी वाईट दिसेल.

रोखठोक:
इतकं सगळं माहीत असून कंपन्या तोच फुगवलेला आकडा मोठ्या अक्षरात छापतात याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? माणूस घरातली आयुष्यभराची बचत गाडीत घालतो. ४४० वाचून घेतली आणि ३०० वर चार्जर शोधत बसला तर त्याचा दोष त्याचाच का?

ओहम:
रोखठोक, राग पटतो पण आकडा कंपनीने मनाने काढलेला नसतो. युरोपात डब्ल्यूएलटीपीचाच छापावा लागतो आणि ती टेस्ट सगळ्यांना सारखी म्हणून तुलनेला कामाची. माझी तक्रार वेगळी आहे. ताशी ११० ला सलग चालवलं तर किती जाते आणि थंडीत किती जाते हे दोन आकडे गाडीच्या माहितीपत्रकावर सक्तीचे पाहिजेत, आणि ते लॅबमध्ये काढणं काही अवघड काम नाही. काही कंपन्या डब्ल्यूएलटीपीचाच फक्त शहरातल्या वेगाचा आकडा वेगळा छापतात, तो अजून मोठा असतो, तो छापायला जागा मिळते मग हायवेचा छापायला का मिळू नये. ज्या माणसाला रात्री आईवडिलांकडे पोचायचंय त्याला तोच आकडा हवा असतो.

घातांक:
वाटसरू, तुमच्यासाठी हिशेबच मांडतो, म्हणजे कोणाच्या ३० टक्क्यांवर विसंबायला नको. मध्यम आकाराची गाडी, वजन १८०० किलो, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२८ आणि समोरचं क्षेत्रफळ २.३ चौरस मीटर असं धरलंय, टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर रस्त्यावर फिरताना होणारा विरोध, वजनाच्या १ टक्का. सपाट रस्ता, वारा नाही.

टायरसाठी १०० किमीला साधारण ४.९ युनिट लागतात आणि हे वेगाने फारसं बदलत नाही. हवेसाठी ताशी ८० ला ५.३ युनिट, १०० ला ८.३ आणि १२० ला ११.९. वेग दीडपट झाला की हवेचा खर्च सव्वादोनपट, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आता बॅटरीपासून चाकापर्यंत १२ टक्के वाया जातात असं धरा आणि दिवे, स्क्रीन, पंप वगैरेचा सतत अर्धा किलोवॅट मिळवा, तर १०० किमीला एकूण खर्च येतो ८० ला १२.२ युनिट, १०० ला १५.५, १२० ला १९.५ आणि १३० ला २२ च्या जवळ. तुमच्या ६० युनिटला भागलं तर ८० ला ४९० किमी, १०० ला ३८५ च्या आसपास, १२० ला ३०८ आणि १३० ला २७५. म्हणजे एकाच गाडीची रेंज निव्वळ उजव्या पायावर २७५ ते ४९० आहे आणि तुमचा ४४० या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. कोणीच खोटं बोलत नाहीये.

चार माणसं आणि सामानाचं ३०० किलो मिळवलं तर फक्त ०.९ युनिट वाढतं, लोकांना वाटतं तितकं नाही. गाडीच्या टपावर बॉक्स लावला तर मात्र त्याहून बराच जास्त फटका बसतो कारण हवा तिथे अडते. तसंच एकाच मॉडेलला मोठी अलॉय चाकं घेतली की रेंज उतरते, काही कंपन्या चाकाच्या मापाप्रमाणे वेगळे आकडे देतात ते नक्की बघा.

निशिगंध:
घातांकच्या हिशेबात हवामान नाहीये ते मी घालते, कारण मी थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालवते आणि मला तोच भाग सगळ्यात जाचक वाटतो.

एसी आणि हीटर किमीवर खर्च होत नाहीत, तासावर होतात. हे एकदा डोक्यात बसलं की पुष्कळ कोडी सुटतात. समजा एसी सरासरी १ किलोवॅट घेतोय. हायवेला ताशी १०० ने तुम्ही एका तासात १०० किमी गेलात, म्हणजे १०० किमीला १ युनिट, जाणवतही नाही. तोच एसी ट्रॅफिकमध्ये ताशी २० च्या सरासरीने १०० किमीला ५ युनिट खातो. त्यामुळे चक्रधर म्हणतात ते शहरातलं सुख मोकळ्या रस्त्याचं आणि चांगल्या हवेचं आहे, कडक उन्हात तासन् तास जॅममध्ये असाल तर ते तेवढं राहत नाही.

थंडीत अजून वाईट. पेट्रोल इंजिन इतकी उष्णता वाया घालवतं की केबिन फुकटात गरम होते, इथे ती उष्णता बॅटरीतूनच करावी लागते. साधा हीटर सुरुवातीला ४-५ किलोवॅट सहज ओढतो, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारा) असेल तर तेवढ्याच उबेला निम्म्याहून कमी वीज लागते पण फार कडाक्याच्या थंडीत त्याचाही फायदा घटतो. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्यांची टेस्ट केली होती, उणे ७ अंशात हीटर लावून रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली आणि ३५ अंशात एसी लावून १७ टक्क्यांनी. नॉर्वेतली एनएएफ ही वाहनचालक संघटना दर हिवाळ्यात गाड्या बॅटरी संपून थांबेपर्यंत चालवते आणि डब्ल्यूएलटीपीच्या आकड्याशी ताडून बघते, थंड भागात राहणाऱ्यांनी गाडी ठरवण्याआधी ते निकाल जरूर वाचावेत.

आणि नुसता हीटर नाही. थंड हवा दाट असते, ० अंशाची हवा ३० अंशाच्या हवेपेक्षा १० टक्क्यांच्या आसपास जड, तेवढा विरोध वाढला. टायरमधली हवा दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआयने उतरते. गार बॅटरी रीजन नीट घेत नाही आणि फास्ट चार्जरवर सुद्धा रांगते. सगळ्यात जास्त मार बसतो तो थंडीतल्या छोट्या छोट्या फेऱ्यांना, दर वेळी केबिन नव्याने तापवायची आणि तापली की उतरायचं. गाडी चार्जरला लावलेली असतानाच निघायच्या आधी केबिन गरम किंवा गार करून ठेवली तर तो खर्च भिंतीतल्या विजेवर जातो. सीट हीटर असेल तर तो वापरा, त्याला अगदी थोडी वीज लागते.

मैलाचा_दगड:
सगळ्यांनी शंभर टक्के ते शून्य असा हिशेब केलाय, लांबच्या प्रवासात असं कोणी चालवत नाही. घरून निघताना १०० टक्के भरून निघाल पण शून्यावर उतरणार नाही, १० टक्के तरी हातात ठेवाल कारण पुढचा चार्जर बंद असू शकतो किंवा तिथे रांग असू शकते. आणि वाटेत फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे चार्जिंग इतकं मंदावतं की तिथे बसून राहण्यात अर्थ नसतो. म्हणजे पहिल्या टप्प्यानंतर तुमच्या हातात बॅटरीचा फक्त ७० टक्के भाग. ६० युनिटमधले ४२. घातांकच्या १५.५ ने भागा, २७० किमी, आणि १९.५ ने भागा, २१५. दोन चार्जरमधलं अंतर या आकड्यावर ठरवायचं, ४४० वर नाही. ज्यांना गाडी घेतल्यावर धक्का बसतो त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी हे आधी सांगितलेलंच नसतं.

दुसरं, डॅशबोर्डवर जे 'इतके किमी शिल्लक' दिसतं ते बहुतेक गाड्यांत मागच्या काही किमीच्या खर्चावरून काढलेलं असतं. आठवडाभर शहरात फिरून चार्ज केली तर ४६० दाखवेल, हायवेला लागल्यावर तो आकडा गाडीच्या पुढे पळत सुटल्यासारखा खाली येतो आणि माणूस घाबरतो. मी तो बघतच नाही, टक्के बघतो आणि १०० किमीला किती युनिट जातायत ते बघतो.

तिसरं वारा. हा तर कोणी मोजतच नाही. तुम्ही १०० ने जाताय आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही १२० ने चाललाय. चढाचा हिशेब त्या मानाने सोपा, १८०० किलोची गाडी १००० मीटर वर न्यायला ४.९ युनिट लागतात, मोटरमधली तूट धरून साडेपाच, आणि परत उतरताना त्यातले बरेचसे मिळतात. घाट चढताना टक्के भराभर पडले तर गाडी बिघडली असं समजू नका, पण चार्जर घाटमाथ्यावर असेल तर ते टक्के आधी धरून ठेवा.

वाटसरू:
मंडळी मनापासून आभार, इतकं सविस्तर मला शोरूममध्ये कोणी सांगितलं नाही. तुमच्या आकड्यांवरून मी हिशेब केला, चुकला असेल तर सांगा. ताशी १०० ला १५.५, एसीचा १, माणसं आणि सामान ०.९, म्हणजे १०० किमीला १७.४ युनिट. ३०० किमीला ५२. पूर्ण भरून निघालो तर पोचल्यावर ८ युनिट म्हणजे १३ टक्के उरतात. ११० ने गेलो तर मात्र १९.२ येतंय आणि ३०० किमीला ५७ च्या वर, म्हणजे जेमतेम पोचणार. फक्त १० ने वेग वाढवून एवढा फरक?

आणि अचानक निघायचं झालं तर बॅटरी १०० वर नसणारच, रोज ८० पर्यंतच चार्ज करायची असं ऐकलंय. ८-१० वर्षांनी बॅटरी उतरल्यावर काय होणार ही अजून एक काळजी.

घातांक:
हिशेब बरोबर आहे. १०० ऐवजी ११० ने ३०० किमीत १६ मिनिटं वाचतात आणि साडेपाच युनिट जास्त जातात. ५० किलोवॅटच्या चार्जरवर तेवढे भरायला सहा-सात मिनिटं, वर हायवेवरून उतरून गाडी लावण्याचा वेळ. जिथे चार्जिंगला थांबायचंच आहे तिथे वेगाने फार काही हाती लागत नाही आणि जिथे न थांबता पोचायचंय तिथे तर १०० च बरा.

८० टक्क्यांवरून निघालात तर ४८ युनिट आहेत, लागणार ५२, पोचताना १० टक्के हवे म्हणजे अजून ६. एकूण १० युनिट वाटेत भरायचे, ५० किलोवॅटवर १५ मिनिटांच्या आत. म्हणून माझा सल्ला, ही गाडी न थांबता ३०० जाते असं धरून घेऊ नका, एक छोटा थांबा धरूनच घ्या आणि त्या वाटेवर दीडशे ते दोनशे किमीच्या दरम्यान निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणी चार्जर आहेत का ते आत्ताच बघून ठेवा. दोन यासाठी की एक बंद असला तरी रात्री अडकायला नको.

८० टक्क्यांची मर्यादा सगळ्या बॅटऱ्यांना सारखी नाही. लिथियम बॅटरीचे एनएमसी आणि एलएफपी असे दोन मुख्य प्रकार आहेत, एनएमसी असेल तर रोज ८० च्या आसपास थांबणं चांगलं, एलएफपी असेल तर बऱ्याच कंपन्या अधूनमधून १०० पर्यंत भरायलाच सांगतात. तुमच्या गाडीत कुठली आहे ते विचारा, तुमच्या गरजेला त्याने खरंच फरक पडतो.

ओहम:
बॅटरी उतरण्याबद्दल, वॉरंटी साधारणपणे ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आणि ७० टक्के क्षमता अशी असते. वाईटात वाईट तेवढी उतरली असं धरा, ६० ची ४२ युनिट राहिली, तर तुमच्या १७.४ ने पूर्ण भरून २४० किमी. पहिल्या एक-दोन वर्षांत थोडी पटकन उतरते आणि मग वेग मंदावतो असाच कल दिसतो, पण तुमचं कारण बघता वाईटाचाच हिशेब करा. तेव्हाही एका थांब्यात ३०० होतात, थांबा जरा लांबेल एवढंच.

अजून एक, टेस्ट ड्राइव्हला शहरात चक्कर मारून परत येऊ नका. हायवेला न्या, ट्रिप मीटर शून्य करा, एसी लावून १०० वर क्रूझ कंट्रोल ठेवा आणि २०-२५ किमी जा, मग तेवढंच परत या म्हणजे वारा आणि चढ-उतार बऱ्यापैकी कटतात. दोन्ही बाजू मिळून १०० किमीला किती युनिट आले ते लिहून घ्या. कंपनीच्या माहितीपत्रकातला वीज खर्चाचा आकडा याच्याशी ताडू नका, डब्ल्यूएलटीपी आणि ईपीए दोन्हींत चार्जिंगमध्ये वाया गेलेली वीजही धरलेली असते, डॅशबोर्डवर ती नसते. आलेल्या आकड्याने ४२ ला भागून १०० ने गुणा. ती तुमची दोन चार्जरमधली रेंज. इथे टाका तो आकडा, घातांकच्या हिशेबाशी किती जुळतो ते मलाही बघायचंय.